शुल्क आपल्या कमाईचे: यवतमाळ जिल्ह्यातील एका ख्रिस्ती दांपत्याच्या दत्तकविधानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या दांपत्याचे आहे. दोघांच्या संमतीने ते येथे मांडले असून, ओळख पटू शकेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. मी या कुटुंबासोबत नोंदणीच्या आधीपासून होतो.

नोंदणीच्या वेळी पती ४३ वर्षांचे आणि पत्नी ३८ वर्षांच्या होत्या. पतीचे बसस्थानकाजवळ दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे आणि मूळ गावी वाट्याला आलेली चार एकर कोरडवाहू जमीन आहे. त्या जमिनीत कापूस आणि तूर होते. पत्नी एका खासगी प्राथमिक शाळेत शिकवतात व त्यांना महिना साडेनऊ हजार रुपये मिळतात. घरात पतीची आई असते. थोरले भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुले गावातच राहतात.

कुटुंब चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. पतीचे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात आईवडील गमावलेल्या मुलांपैकी एक होते आणि वऱ्हाडातील एका मिशनच्या अनाथगृहात वाढले. ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती, परंतु दत्तकाचा विषय निघेपर्यंत तिचा उल्लेख क्वचितच होत असे.

लग्नाला सात वर्षे झाल्यावर दोघांनी नागपुरात उपचार सुरू केले. दोन वेळा टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा निराशा पदरी पडली. औषधे, तपासण्या आणि जाणेयेणे धरून चार लाखांहून अधिक खर्च झाला. २०२२ च्या अखेरीस त्यातील १,८०,००० रुपयांचे देणे शिल्लक होते. पत्नीच्या पाटल्या व गळ्यातले ठेवून बँकेतून काढलेले सोनेतारण कर्ज ७०,००० रुपयांचे, महिला बचत गटाचे ३०,००० रुपयांचे आणि थोरल्या भावाने दुसऱ्या उपचाराच्या वेळी बिनव्याजी दिलेले ८०,००० रुपये, असे ते देणे होते.

प्रश्न नेमका काय होता

दोघे मला प्रथम भेटले तेव्हा त्यांचा समज असा होता की दत्तक घेण्यासाठी तीन-चार लाख रुपये हाताशी असावे लागतात, आणि तेवढी रक्कम जमेपर्यंत आपले वय निघून जाईल. ग्रामीण भागात हा समज सर्रास आढळतो. उपचारांच्या खर्चावरून लोक दत्तकाच्या खर्चाचा अंदाज बांधतात आणि बेकायदा व्यवहार करणाऱ्यांनी सांगितलेले आकडेही त्यात मिसळतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, म्हणजे कारा, यांच्या दत्तक विनियम २०२२ नुसार देशांतर्गत दत्तकासाठी गृह अध्ययन अहवालाचे, म्हणजे घरी येऊन केलेल्या पाहणीच्या अहवालाचे, ६,००० रुपये, मूल ताब्यात घेताना बालसंगोपन निधीचे ५०,००० रुपये आणि नंतरच्या दोन वर्षांत होणाऱ्या चार पाठपुरावा भेटींचे प्रत्येकी २,००० रुपये द्यावे लागतात. एकूण ६४,००० रुपये, आणि तेही एकदम नव्हे. या शुल्काव्यतिरिक्त मूल सोपवणाऱ्या संस्थेला पालकांकडून रोख किंवा वस्तुरूपाने कोणतीही देणगी स्वीकारता येत नाही.

त्यामुळे शुल्क हा या घराचा खरा प्रश्न नव्हता. खरा प्रश्न असा होता की कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या घरात मूल येणार होते, आणि त्या कर्जातील सर्वांत मोठा वाटा ज्या व्यक्तीचा होता, त्या व्यक्तीच्या मनात या मुलाविषयी स्वतःचा एक प्रस्ताव होता.

पुढे असलेले मार्ग

तो प्रस्ताव थोरल्या भावाचा होता. त्यांचे तिसरे मूल त्या वेळी चार वर्षांचे होते. ‘घरचं लेकरू असताना बाहीरचं कायले आनता?’ असे ते उघडपणे म्हणत. कायद्यानेही हा मार्ग बंद नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये काका-काकू, मामा, मावशी, आत्या आणि आजी-आजोबा यांना नातेवाइकाचे मूल दत्तक घेता येते. या मार्गात प्रतीक्षा यादी नसते, खर्चही कमी येतो. सासूबाईंचा कल सुरुवातीला याच बाजूला होता.

दोघांनी या प्रस्तावावर अनेक आठवडे विचार केला आणि तो नाकारला. पत्नीने दिलेले कारण मला आजही महत्त्वाचे वाटते. ज्यांचे ऐंशी हजार आपल्याकडे आहेत त्यांचेच मूल आपण घेतले, तर उद्या ते पैसे फिटले की नाही याचा हिशेब मुलाशी जोडला जाईल, आणि मूल रोज नजरेसमोर असल्याने वहिनींना ते दिल्यासारखे वाटणार नाही, आम्हाला ते मिळाल्यासारखे वाटणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जमिनीचा विचारही भावाच्या मनात होता, हे नंतर त्यांच्याच बोलण्यातून स्पष्ट झाले. चार एकर घराबाहेर जाऊ नये, अशी त्यांची काळजी होती. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घरात ही काळजी अस्वाभाविक नाही आणि तिला केवळ लोभ म्हणून बाजूला सारणे योग्य ठरणार नाही.

दुसरा मार्ग एका ओळखीच्या माणसाने सुचवला. शेजारच्या जिल्ह्यात एका अविवाहित मुलीची प्रसूती व्हायची आहे, दीड लाख द्या, जन्मदाखल्यावर थेट तुमचीच नावे येतील, कोणाला कळणार नाही, असा तो निरोप होता. पती दोन दिवस या निरोपाने अस्वस्थ होते, कारण सहा वर्षांच्या उपचारांनंतर कोणीतरी प्रथमच ‘बाळ मिळेल’ असे ठामपणे सांगत होते. हा व्यवहार म्हणजे मुलाची खरेदी आहे आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपये दंडाची तरतूद आहे, हे त्यांना स्पष्ट सांगण्यात आले. शिक्षेच्या भीतीपेक्षाही एक गोष्ट त्यांना अधिक पटली. कायदेशीर मार्गाने मूल स्वेच्छेने सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिन्यांचा अवधी मिळतो, तो या व्यवहारात त्या मुलीला मिळणार नव्हता. पतीने त्या माणसाशी संपर्क बंद केला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला माहिती दिली.

तिसरा मार्ग अर्थातच काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करण्याचा होता. येथे ख्रिस्ती कुटुंबांच्या मनात असलेली एक जुनी शंका दूर करावी लागली. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागू होतो, आणि ख्रिस्ती समाजासाठी दत्तकाचा स्वतंत्र व्यक्तिगत कायदा नाही. त्यामुळे मागच्या पिढीतील ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालक म्हणून मूल वाढवावे लागे. ते पालकत्व मूल सज्ञान झाले की संपत असे आणि वारसाहक्क मिळत नसे. हे कुटुंब ज्या मंडळीत (चर्चच्या स्थानिक समुदायात) आहे, तिच्यातीलच एका शिक्षक दांपत्याने असे वाढवलेल्या मुलाला त्यांच्या मृत्यूनंतर घर सोडावे लागले होते, आणि सासूबाईंनी ते स्वतः पाहिले होते.

आता ती स्थिती राहिलेली नाही. बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने धर्माची अट न ठेवता दत्तकाचा मार्ग मोकळा झाला, आणि शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या अधिनियमाचे कलम ६३ सांगते की दत्तक आदेशानंतर ते मूल सर्व बाबतींत दत्तक पालकांच्या पोटी जन्मल्याप्रमाणेच गणले जाते. म्हणजेच भारतीय वारसा अधिनियम १९२५ नुसार ख्रिस्ती आईवडिलांच्या मालमत्तेत त्याचा हक्क पोटच्या मुलाइतकाच असतो. हे ऐकल्यानंतर सासूबाईंचे मत बदलू लागले. पुढे थोरल्या मुलाने पुन्हा ‘बाहेरचे लेकरू’ हा शब्द काढला, तेव्हा ‘तुह्या बापाचा आजा कुठून आला होता?’ असे त्यांनीच त्याला विचारले.

पैशाचे नियोजन

फेब्रुवारी २०२३ मध्ये नोंदणी झाली. मूल मिळण्यास दोन ते साडेतीन वर्षे लागू शकतात, हे गृहीत धरून हिशेब मांडण्यात आला. प्रतीक्षेचा हा काळ बहुतेक जोडप्यांना केवळ त्रासाचा वाटतो. या दांपत्याने तो फेडीसाठी आणि बचतीसाठी वापरला, आणि या प्रकरणातून शिकण्यासारखे बरेच काही याच टप्प्यात आहे.

कोणते देणे आधी फेडायचे यावर मतभेद झाला. मंडळीच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी), जे स्वतः पूर्वी सहकारी पतसंस्थेत नोकरीला होते, सोनेतारण आधी सोडवावे असा सल्ला दिला. त्यावर व्याज चढत होते, तर भावाची रक्कम बिनव्याजी होती. हिशेबाच्या दृष्टीने हा सल्ला बिनचूक होता. दोघांनी मात्र भावाचे पैसे आधी फेडायचे ठरवले. दरवर्षी सहा हजारांहून अधिक व्याज भरून त्यांनी सोनेतारणाचे नूतनीकरण केले आणि शेतीचे उत्पन्न भावाकडे वळवले.

२०२२-२३ च्या हंगामात, इतर अनेकांप्रमाणे, भाव वाढेल या आशेने त्यांनी कापूस घरात साठवून ठेवला होता. भाव उतरू लागल्यावर मार्चमध्ये तो विकून ३५,००० रुपये भावाला देण्यात आले. पुढच्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता आणि गावात फिरणारा व्यापारी त्याहून कमी दर सांगत होता. पतीने गाडीभाडे सोसून, रांगेत थांबून भारतीय कपास निगमच्या केंद्रावर कापूस घातला. तुरीला त्या वर्षी क्विंटलमागे दहा हजारांच्या आसपास भाव मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये उरलेले ४५,००० रुपये भावाच्या हाती ठेवताना दोघांनी आईला आणि वहिनींना समोर बसवले व त्या दिवसापासून हे देणे संपल्याचे सर्वांसमक्ष बोलून घेतले.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता. दोन वर्षांत सोनेतारणावर भरलेले जादा व्याज हा त्या निर्णयाचा खर्च होता, आणि तो त्यांनी जाणून स्वीकारला. त्या रकमेच्या बदल्यात प्रस्ताव नाकारल्याने आलेला दुरावा वाढण्याचे थांबले, कारण ‘माझे पैसे वापरून दुसऱ्याचे मूल आणतात’ असे म्हणण्यास जागा उरली नाही.

बचत गटाचे कर्ज पत्नीच्या पगारातून महिन्याला दीड हजारांप्रमाणे फिटत गेले. मार्च २०२३ पासून गॅरेजच्या उत्पन्नातून दरमहा २,५०० रुपयांची दोन वर्षांची आवर्ती ठेव सुरू करण्यात आली, आणि या ठेवीला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही असा नियम करण्यात आला. २०२४-२५ मध्ये हमीभाव ७,५२१ रुपये झाला. त्या कापसाच्या चुकाऱ्यात गॅरेजची शिल्लक घालून फेब्रुवारी २०२५ मध्ये सोने सोडवण्यात आले. पुढच्याच महिन्यात आवर्ती ठेव पूर्ण होऊन सुमारे ६४,००० रुपये हाती आले.

मंडळीची मदत कशी घ्यावी

दोघे दत्तक घेत आहेत हे मंडळीत कळल्यावर मदतीची इच्छा अनेकांनी दाखवली. येथे एक नाजूक प्रश्न उभा राहिला आणि तो वेळेवर ओळखला गेला, याचे श्रेय पाळकांना द्यायला हवे.

पहिली सूचना अशी होती की कापणीच्या सणाला लोक जे धान्य, भाजी, फळे, कोंबड्या घेऊन येतात त्यांच्या लिलावाचे त्या वर्षीचे सर्व उत्पन्न ‘दत्तक बाळासाठी’ म्हणून जाहीर करावे. दुसरी सूचना व्हॉट्सअॅपवरून नागपूर, पुणे व मुंबईतील नातेवाइकांकडे आवाहन पाठवण्याची होती, आणि मूल ठरल्यावर त्याचे छायाचित्र टाकावे म्हणजे लोक मोकळ्या हाताने देतील, असेही कोणी सुचवले. तिसरी सूचना अमेरिकेतील एका परिचिताची होती. मंडळीच्या खात्यावर ते मोठी रक्कम पाठवण्यास तयार होते.

परदेशातील देणगी तत्काळ नाकारण्यात आली. परदेशी योगदान नियमन अधिनियम २०१० खाली नोंदणी नसताना धर्मादाय संस्थेला अशी रक्कम घेता येत नाही, आणि या मंडळीच्या विश्वस्त संस्थेची तशी नोंदणी नव्हती. छायाचित्राची सूचनाही फेटाळली गेली, कारण दत्तक प्रक्रियेतील मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते. कायदा नसता तरी मुलाचा चेहरा दाखवून पैसे मागणे मला अनुचित वाटले असते.

लिलावाच्या सूचनेवर मात्र बराच खल झाला. मदत नाकारावी तर मंडळीचे प्रेम नाकारल्यासारखे होते, आणि घ्यावी तर ते मूल गावभर ‘मंडळीच्या पैशाने आणलेली पोर’ ठरण्याचा धोका होता. ज्या गावात सर्व जण एकमेकांना ओळखतात तेथे असे शब्द शाळेपर्यंत आणि लग्नापर्यंत पोहोचतात. ज्याने दिले तो विसरतो, परंतु ज्याच्या नावाने दिले गेले त्याला विसरू दिले जात नाही.

शेवटी पाळक, खजिनदार आणि हे दांपत्य यांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. काराचे सर्व शुल्क दांपत्य स्वतःच्या कमाईतूनच भरील. मंडळीची मदत केवळ प्रवास, मुक्काम आणि आजारपण यांसाठी वापरली जाईल. सणात तिची घोषणा ‘मंडळीतील कुटुंबांच्या अडचणीसाठी’ एवढ्याच शब्दांत होईल, देणाऱ्याला पावती मिळेल, परंतु नावांची यादी वाचली जाणार नाही. रक्कम खजिनदाराकडे वेगळ्या वहीत राहील आणि खर्चाची बिले पाहून दिली जाईल. २०२३ आणि २०२४ च्या सणांतून मिळून ३८,००० रुपये जमले.

महिला मंडळाची इच्छा मूल मिळाल्यावर त्या संस्थेला दोन पोती तूरडाळ भेट देण्याची होती. प्रक्रिया चालू असताना पालकांच्या वतीने अशी भेट देणे नियमात बसत नाही, हे समजावून सांगावे लागले. त्या भगिनी थोड्या नाराज झाल्या, परंतु त्यांनी ऐकले.

नोंदणी, कागदपत्रे आणि वयोगट

कागदपत्रांच्या टप्प्यावर अनपेक्षित अडचण आली. पतीचे नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, बाप्तिस्म्याच्या व चर्चच्या विवाह नोंदीत दुसरे आणि आधार कार्डावर तिसऱ्या प्रकारे लिहिलेले होते. ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबांत हे नेहमी आढळते, कारण शाळेत घरचे नाव लागते आणि चर्चमध्ये पवित्र शास्त्रातील नाव. नोंदणीनंतर ३० दिवसांत कागदपत्रे संकेतस्थळावर चढवायची असतात. सुदैवाने ही विसंगती नोंदणीपूर्वीच लक्षात आली, आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध होईपर्यंत दोघांनी नोंदणी थांबवली. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून घेण्यात आला. कागदपत्रे व वैद्यकीय तपासण्यांवर मिळून ९,००० रुपये खर्च झाले.

गृह अध्ययनासाठी सामाजिक कार्यकर्त्या घरी आल्या तेव्हा कर्जाविषयी काही लपवायचे नाही, असे दोघांनी आधीच ठरवले होते. त्यांनी फेडीची वही समोर ठेवली. अनेक जोडप्यांना वाटते की देणे दिसले की अर्ज फेटाळला जाईल. प्रत्यक्षात कुटुंब आर्थिकदृष्ट्या सक्षम आहे का हे पाहिले जाते, आणि नियमित फेड हा त्या सक्षमतेचाच पुरावा असतो.

याच भेटीत वयोगटाचा निर्णय झाला. दोघांच्या वयांची बेरीज ८१ होती. दोन वर्षांखालील बाळासाठी ही बेरीज ८५ च्या आत असावी लागते, त्यामुळे तान्ह्या बाळासाठी ते पात्र होते आणि पत्नीची इच्छाही तीच होती. परंतु सर्वाधिक पालक याच वयोगटासाठी थांबलेले असतात. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तकविधाने झाली, आणि ती संख्या बारा वर्षांतील सर्वाधिक होती, तरीही प्रतीक्षा यादीतील पालक तिच्या कितीतरी पट आहेत. त्याशिवाय पत्नीला शाळा सोडणे परवडणारे नव्हते आणि सासूबाईंच्याने रात्रीची जागरणे झाली नसती. दोन ते चार वर्षांचा गट निवडताना पत्नी रडल्या. तान्हे बाळ हाती घेण्याची जी कल्पना त्यांनी उपचारांच्या सर्व वर्षांत जपली होती, ती त्या दिवशी त्यांना सोडावी लागली. सामाजिक कार्यकर्त्या घाई न करता दुसऱ्यांदा आल्या आणि त्यानंतरच तो निर्णय अहवालात लिहिला गेला. दुसरी भेट झाली नसती तर हा निर्णय पतीचा किंवा हिशेबाचा ठरला असता.

अठ्ठेचाळीस तास

एप्रिल २०२५ मध्ये एका दुपारी मोबाइलवर संदेश आला. पश्चिम महाराष्ट्रातील एका विशेष दत्तक संस्थेतील दोन वर्षे चार महिन्यांची मुलगी त्यांना सुचवण्यात आली होती. मूल राखून ठेवण्यासाठी ४८ तासांची मुदत असते. सोबतच्या वैद्यकीय अहवालात हिमोग्लोबिन कमी असल्याचे आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत ‘वाहक’ असल्याचे नमूद होते.

विदर्भात सिकलसेल हा शब्द ऐकूनच माणसे घाबरतात, कारण जवळपास प्रत्येक गावात त्या आजाराने वारंवार दवाखान्यात जाणारे कोणीतरी असते. थोरल्या भावाने फोनवर नकार देण्यास सांगितले. दोघांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल घेऊन सेवाग्राम गाठले आणि तेथील बालरोगतज्ज्ञांना तो दाखवला. वाहक असणे आणि आजार असणे यांत फरक आहे, वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी आयुष्य जगते, तिच्या विवाहाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करून घ्यावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, असे त्यांनी शांतपणे समजावले. कमी हिमोग्लोबिन आहाराने व औषधाने सुधारेल, असेही सांगितले. परतीच्या बसमध्येच पतीने मोबाइलवरून मुलीला राखून ठेवले.

भेटीसाठी ३० दिवसांची मुदत होती. दोघे महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेले. पहिल्या दिवशी मुलगी सांभाळणाऱ्या मावशींच्या पदराआडून बाहेर आली नाही. संस्थेने सुचवल्यावरून त्यांनी मुक्काम वाढवला आणि रोज दोन वेळा तिच्याजवळ बसत राहिले. मे महिन्यात पूर्वदत्तक संगोपनाखाली, म्हणजे दत्तकाचा आदेश होण्यापूर्वीच्या सांभाळासाठी, ती घरी आली. ५०,००० रुपये आवर्ती ठेवीतून भरले गेले. दत्तकाचा आदेश २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो सप्टेंबरमध्ये मिळाला.

मूल घरी आल्यावर

जून महिन्यात मुलीला न्यूमोनिया झाला. आदेश झाला नसल्याने शिधापत्रिकेवर तिचे नाव नव्हते, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ त्या क्षणी मिळू शकला नाही. खासगी रुग्णालयाचे बिल १६,५०० रुपये झाले. प्रवास व मुक्कामाचे सुमारे २१,००० रुपये आणि हे बिल मंडळीच्या रकमेतून भागले. ती रक्कम नसती तर दोघांना पुन्हा भावाकडे जावे लागले असते.

एक खर्च मात्र कोणाच्याही वहीत नव्हता. मुलगी पत्नीला सोडून क्षणभरही राहत नसे. पत्नीला शाळा सुरू झाल्यावर दोन महिने बिनपगारी रजा घ्यावी लागली, कारण दत्तक मातेला मिळणारी बारा आठवड्यांची भरपगारी रजा तीन महिन्यांखालील बाळापुरतीच होती. १९,००० रुपयांचा पगार बुडाला. गॅरेजही त्या काळात अर्धा दिवस बंद असे. फेब्रुवारीत सोडवून आणलेल्या पाटल्या ऑगस्टमध्ये २५,००० रुपयांसाठी पुन्हा बँकेत गेल्या. सध्या ते कर्ज चालू आहे.

पाठपुराव्याची पहिली भेट नोव्हेंबरमध्ये झाली. मुलीचे हिमोग्लोबिन वाढले आहे आणि ती आजीशी वऱ्हाडीत भांडू लागली आहे. थोरले भाऊ सणावाराला येतात, तिच्यासाठी खाऊ आणतात, मात्र जमिनीचा विषय दोन्ही घरांनी अजून बोलून मिटवलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट बुडालेल्या पगाराची. शुल्क, प्रवास आणि आजारपण यांचा विचार झाला, पण दोन-तीन वर्षांचे मूल नव्या घरी रुजेपर्यंत आईने घरी राहावे लागते, ही बाब नियोजनात आली नाही. मोठे मूल घेतल्यास नोकरी सांभाळता येईल हे वयोगट निवडण्याचे एक कारण होते, आणि सुरुवातीच्या महिन्यांपुरते ते फसवे ठरले. मंडळीच्या मदतीचा हेतू ठरवताना ‘घरी राहण्याचे दोन महिने’ हाही शब्द त्यात घालता आला असता. अशा जोडप्यांना आता किमान तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा काढण्यास सांगावे, असे माझे मत झाले आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. भावाचे पैसे फेडताना जसे सर्वांना समोर बसवले, तसेच कलम ६३ चा अर्थ आणि वारसाहक्काचा विषयही त्याच बैठकीत बोलता आला असता. तेव्हा वातावरण निवळले होते. दत्तक आदेशामुळे मुलीचा हक्क कायद्याने पक्का आहे, तरीही पतीने मृत्युपत्र करून ठेवावे, असे त्यांना सुचवले आहे, कारण फेरफाराच्या वेळी तलाठी कार्यालयात वाद घालण्याची वेळ पत्नीवर येऊ नये.

सोन्याआधी भावाचे देणे फेडण्याचा निर्णय प्रत्येक घराला लागू पडेल असे नाही. जेथे देणाऱ्या नातेवाइकाचा मुलाविषयी काही दावा किंवा प्रस्ताव नाही, तेथे पाळकांचाच सल्ला ऐकावा आणि व्याजाचे कर्ज आधी मिटवावे.

एक निर्णय अजून व्हायचा आहे. मुलीला तिच्या जन्माविषयी कधी व कोणत्या शब्दांत सांगायचे, यावर दोघांचे एकमत नाही. पतीला वाटते की शाळेत जाण्यापूर्वी सांगावे, म्हणजे ती बाहेरून ऐकणार नाही. पत्नी अजून काही वर्षे थांबावे असे म्हणतात. गावात सर्वांना माहीत असलेली गोष्ट पाच वर्षांच्या मुलीपासून लपून राहील असे मला वाटत नाही, आणि मे महिन्यातील पुढच्या पाठपुरावा भेटीत सामाजिक कार्यकर्त्यांसमोर हा विषय काढण्यास दोघांनी मान्यता दिली आहे.